उजव्या हाताची एक बांगडी

माझ्या नवऱ्याचा मामा आमच्या घरी आला की त्याला पाणी मीच द्यायची, आणि तेही उजव्या हातानं. त्या माणसाचा मला राग होता, आजही आहे. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ज्यांचे हात धड आहेत त्यांनी ते खुशाल पाळावं.

माझं माहेर कोळवणचं. थोरली बहीण सासरी दोनदा पोट पडून तिसऱ्या बाळंतपणात गेली, आणि आमच्या घराच्या रक्तातच दोष आहे अशी कुजबुज खोऱ्यात सुरू झाली. मला मुठा गावचं स्थळ आलं तेव्हा मुलाचा मामा म्हणाला, आधी पोरीचं रक्त तपासू. हा मामा पुण्यात कुठल्याशा दवाखान्यात कंपाउंडर होता आणि गावात डॉक्टर म्हणून मिरवायचा. बैल घेताना दात बघतात, तसं माझं रक्त बघणार होते. चालते व्हा म्हणावं असं वडिलांच्या ओठावर आलं असेल. पण माझ्या पाठीवर आणखी दोघी होत्या. ते हो म्हणाले.

कापणी उरकून झोडणी चालू होती. मामानं आमच्याच चहाच्या पातेल्यात सुई उकळली, मला ओटीवर बसवलं आणि दंडाला टॉवेल आवळला. पहिल्यांदा टोचलं, रक्त आलं नाही. सुई बाहेर न काढताच तो आत चाचपायला लागला, बरणीच्या तळाशी लोणच्याची फोड शोधावी तसा. एकाएकी कोपरापासून अंगठ्यापर्यंत असा जाळ उठला की मी किंचाळले.

"हलू नकोस गं," तो पुण्याच्या भाषेत म्हणाला. "इतक्या वर्षांत माझी सुई कधी चुकलेली नाही."

मी हलले नव्हते. हलले ती सुई आत लागल्यावर. पण घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडेच बघितलं.

आठ दिवसांनी निरोप आला, रक्त चोख आहे, मुलगी पसंत. हाताचं काय झालं ते विचारायला कुणी आलं नाही. निळा डाग पंधरवड्यात गेला आणि मग दाखवायला काहीच उरलं नाही. मिरची वाटून कातड्याच्या आत भरावी तशी आग व्हायची. चोळीची बाही लागली तरी जीव कळवळायचा, वारा लागला तरी. आईनं मिठाच्या पुरचुंडीनं शेकलं, तर रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. शेजारणीनं बिब्बा घातला, त्यानं वर फोड आले. कुणी डाग द्यायला सांगितलं, तेव्हा मात्र मी विळा घेऊन उभी राहिले.

मग माझे इलाज मीच शोधले. उजवी बाही दंडापर्यंत उसवून टाकली. गार पाण्यात तो हात बुडवायचा नाही, पाणी आधी उन्हात ठेवायचं. झोपताना हात घडी केलेल्या गोधडीवर वेगळा ठेवायचा, पांघरूण त्याला शिवू द्यायचं नाही. दूध डाव्या हातानं काढायचं. भाकरीही डाव्या हातानंच थापायची. ती चुलीतून निघाली की एकीकडे जाड, एकीकडे पापड. वडील नाव न ठेवता जाड बाजू आधी खायचे. त्यांच्यावर मला रागावता आलं नाही ते एवढ्यासाठी. आणि कळ आली की मी मामाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. बिब्ब्यापेक्षा त्यानं खूप बरं वाटायचं.

"लगीन हुईस्तोवर हात झाक," आई सांगायची. "त्येंना कळलं तर म्हंतील, रगतातच खोड हाय, म्हनून हात आसा. मग तुज्या मागच्या दोगींना कोन करून घील?"

म्हणून मी चार महिने तो हात पदराखाली झाकला. ज्यानं केलं तो ताठ मानेनं फिरत होता आणि चोरासारखी मी राहत होते.

फाल्गुनात लग्न ठरलं. वऱ्हाड आमच्या दारात उतरलं, हळद लागली आणि सासूनं आणलेला हिरवा चुडा भरायला गावचा म्हातारा कासार बसला. डावा हात झाला. उजव्याची पाळी आली. कासारानं हाताला तेल लावलं, अंगठ्याचं हाड आत दाबलं आणि बांगडी पुढं सारली. आग नेमकी तिथूनच जात होती. मी हात हिसकला. त्याच्या मांडीवरच्या बांगड्या खाली पडल्या आणि फुटल्या.

बायका म्हणाल्या, वाढल्या गं वाढल्या. सासू उठून उभी राहिली.

"इवाई, पोरीच्या हाताला खोड हाय आन तुमी झाकून ठिवलंत?"

वडिलांनी मान खाली घातली. माझ्या दोन्ही बहिणी दारात उभ्या होत्या, हळदीची ताटं हातात घेऊन. मामा पुढं आला.

"रक्त मी स्वतः तपासलंय, चोख आहे. मुलगी लाडावलेली आहे, दुसरं काही नाही."

त्या क्षणी माझी लाज संपली.

"मामा," मी म्हणाले, "तुमची सुई कदी चुकत न्हाई न्हवं? मग ह्या हातात चुडा तुमीच भरा."

कासार सोडून दुसऱ्या पुरुषानं, त्यातून नवऱ्याच्या मामानं, नवरीला बांगड्या भरायच्या म्हणजे काय! पण कासार सरकला आणि त्यानं बांगड्या मामापुढं ठेवल्या.

"भरा की," तो म्हणाला. "तुमी हात आतनं बगितलाय, आमी आपलं बाहीरनं."

मामाला बसावं लागलं. त्यानं माझा अंगठा धरला आणि दाबला. मी या खेपेला हात मागं घेतला नाही. त्याच्या तोंडाकडं बघत राहिले आणि चार महिने दाबून ठेवलेलं सगळं ओरडले. पलीकडच्या गोठ्यातली बैलं उठून उभी राहिली. मामाच्या हातून बांगडी सुटली. तो पांढरा पडला होता.

"आत कुटंतरी लागली आसंल सुई," तो पुटपुटला. पुण्याची भाषा कुठल्या कुठं गेली होती.

"मोट्यानं बोला," मी म्हणाले. "माज्या बहिनींना ऐकू ईना."

त्याला मोठ्यानं बोलावं लागलं. सगळ्या मांडवानं ऐकलं.

कासारानं पेटीच्या तळातून एक थोराड, सैल बांगडी काढली आणि कातडीला न लावता माझ्या उजव्या हातात सोडली. लग्न लागलं. सासूनं मला मरेपर्यंत 'एका बांगडीची सून' म्हटलं. बहिणींची लग्नं पुढं झाली, कुणीही रक्त मागितलं नाही.

हाताची आग दोनेक वर्षांनी उतरली. बोटांना थरथर मात्र राहिली, ती अजून आहे. मामा दर सणाला यायचा. मी भरलेला तांब्या उजव्या हातानं पुढं करायची आणि पाणी त्याच्या धोतरावर सांडायचं. मी पुसायला फडकं द्यायची नाही. एकदा तो खालच्या आवाजात म्हणाला, "सूनबाई, डाव्या हातानं दिलंस तरी चालंल."

"डाव्या हातानं कसं दिऊ, मामा?" मी म्हणाले. "तुमी घरचं मोटं मानूस."

तो उरलेलं पाणी प्यायला. दुसरं मागितलं नाही.