ढगांचा आकडा

प्रयोगशाळेच्या खिडकीतून टेकडीवर एक लहानसा ढग दिसत होता. प्राचीन हवामानाच्या आमच्या संगणकीय प्रतिमानात असा ढग मावत नाही. तिथे पृथ्वीचे पाडलेले चौकोन शेकडो किलोमीटरचे असल्याने ढगांसाठी अंदाजाने एक आकडा लिहावा लागतो. पन्नाशीनंतर हे शास्त्र शिकायला बसलेल्या मला एवढे तरी समजले होते.

गेल्या महिन्यात माझ्या प्रतिमानात पाच कोटी वर्षांपूर्वीचा ध्रुव उबदार निघाला. तिथल्या खडकांत उबदार हवेतच वाढणाऱ्या ताडाचे परागकण सापडतात आणि माझ्या प्रतिमानातले तापमान त्यांच्याशी जुळले. संकोच बाजूला ठेवून मी ते सर्वांना सांगितले.

आज शेजारी बसणारा निखिल चहा ढवळत म्हणाला, “मॅडम, रागावू नका. तुमचा ध्रुव काही केल्या तापेना, म्हणून ढगांचा आकडा मीच जरा हलवला. तुम्ही इतक्या खूश झालात, मग सांगवेना. अहो, सगळेच हलवतात!”

“हलवतात, पण लिहून ठेवतात,” मी म्हणाले.

मला वाटले होते, पृथ्वीने मला उत्तर दिले. ती परागकणासारखी क्षुल्लक गोष्टही कोट्यवधी वर्षे खडकात जपून ठेवते. माणसाकडून महिनाभर एक आकडा सांगायचा राहून जातो. आणि फसवणूक मायेने झाली की धड रागावताही येत नाही.

मूळ आकडा विचारून घेऊन मी प्रतिमान पुन्हा चालवले. ध्रुव हळूहळू गोठत गेला. उत्तर चुकीचे होते, पण माझे होते. निखिलने पाहण्यासाठी खुर्ची जवळ ओढली. मी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला नाही.