सहावं घर

देवीवर माझी श्रद्धा बेताचीच होती, हे आधीच सांगून टाकते. माहेर येरमाळ्याचं, येडेश्वरीच्या डोंगराच्या पायथ्याशी लहानाची मोठी झाले, पण आईच्या धाकानं हात जोडायचे तेवढेच. लग्नानंतर उमरग्याला आमच्या औषधाच्या दुकानात बसायला लागले. बाळाच्या दुधाच्या पावडरचे डबे मी कितीतरी जणींना दिले असतील, आणि दरवेळी मनात म्हणायचे, स्वतःच्या लेकराला पाजता येत नाही म्हणजे काय! देवीनं ते कुठंतरी ऐकून ठेवलं असावं.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले आणि मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर मात्र ती अंगावर पिईना. तोंडात घ्यायची, दोन-चारदा चोखायची, सोडायची आणि किंचाळायची. मला इतकं दुखायचं की तिला जवळ घ्यायच्या आधीच माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. स्तनाग्रांना चिरा पडल्या होत्या. सोमवारी दवाखान्यात वजन केलं तर जन्माच्या वजनापेक्षा बरंच उतरलेलं. सिस्टरबाई म्हणाल्या, गुरुवारी परत आणा, वजन भरलं नाही तर दाखल करावं लागेल. कसं पाजायचं ते त्यांनी दाखवलंही, पण त्या गर्दीत लाजून मी नुसती मान हलवली. तोवर दूध काढून वाटी-चमच्यानं पाजत होतो. त्यातलं अर्धं तिच्या गळ्यावरून ओघळून जायचं. दिवसाला किती लंगोट्या ओल्या होतात ते आई मोजायची आणि मला काही सांगायची नाही, त्यावरूनच काय ते कळायचं.

ते दिवस आता आठवतात ते झोपेतून पाहिल्यासारखे. शेगडीतल्या ओव्याचा धूर खोलीत तरंगत असायचा, पत्र्याच्या फटीतून आलेली उन्हाची तिरीप भिंतीवरून हळूहळू सरकायची, आणि डोंगरावरून संबळाचा आवाज यायचा की माझ्याच कानात तो वाजत होता, कुणास ठाऊक. सकाळ आहे की दुपार, हे मला आईला विचारावं लागे. वजन केल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी दुपारी, पोर रडून रडून दमली आणि तिचा आवाज बारीक झाला. मी घाबरले. खिडकीतून डोंगर दिसत होता, पण घरात बाळंतपणाचं सोयर असल्यानं मला तिथं जाता येणार नव्हतं आणि देवघरालाही हात लावायचा नव्हता. मी मनातच म्हणाले, मला तुझ्याकडं येता येत नाही गं, आता काय करू? नवस नाही, काही नाही. मागण्याचीही अक्कल उरली नव्हती.

तेवढ्यात दारात 'उदो' ऐकू आला. देवीच्या नावानं जोगवा मागणारी आराधीण होती. हातात परडी, गळ्यात कवड्यांची माळ. ती दर मंगळवारी आमच्या गल्लीतून जायची. लहानपणापासून मी तिला पाहत होते आणि तिच्याशी एक शब्द कधी बोलले नव्हते.

आई लगबगीनं बाहेर गेली. "मावशी, आमच्यात सोयर हाय. हितून जोगवा चालत न्हाय."

"ठावं हाय मला. लेकरू का असं रडतंय?"

"पीतच न्हाय वो. काय करावं सुचंना."

मग तिनं शेजारच्या ओट्यावर परडी ठेवली, गळ्यातली माळ काढून परडीत घातली, हात-पाय धुतले आणि सरळ माझ्या खोलीत आली. आई म्हणाली, "अवो, तुमाला इटाळ हुईल!"

"घरी जाऊन आंघूळ करीन. त्यात काय?" ती माझ्या खाटेशी बसली. "पाज बगू कशी पाजतीस."

आमच्या घरची रीत अशी, की पाजताना बाळाला डोक्यापासून पदराआड घ्यायचं. पिताना लेकरू दिसलं की दृष्ट लागते म्हणे. दुकानात बसून शास्त्राच्या गप्पा मारणारी मी, ही रीत मात्र निमूट पाळत होते. पदर ओढला, अंदाजानं छाती तिच्या तोंडाशी नेली आणि पाठीतून वाकले. पोर नेहमीसारखी किंचाळली.

"पदर काड आदी," आराधीण म्हणाली. "तिचं तोंड कुठंय ते तरी बगितलंस का कदी?"

खरंच बघितलं नव्हतं. सहा दिवसांत एकदाही नाही. पदर बाजूला झाला तेव्हा मला दिसलं, पोर मान वळवून नुसतं टोक ओठांत धरत होती. आराधिणीनं माझ्या पाठीशी उशी लावली, माझे दोन्ही खांदे दाबून खाली केले. पोरीला अशी वळवली की तिचं पोट माझ्या पोटाला टेकलं. "तू वाकू नगं तिच्याकडं. तिला तुज्याकडं घे. आन् घाई नगं, मोटा आ करू दे." स्तनाग्र तिच्या नाकासमोर येईल असं तिला धरून आम्ही थांबलो. पोरीनं जांभई दिल्यासारखं तोंड उघडलं, आणि त्या म्हातारीच्या खरखरीत हातानं तिला अलगद माझ्याकडं आणलं.

दुखलं नाही. मी दुखायची वाट पाहत राहिले, पण दुखलं नाही. मग खोलीत घोटाचा आवाज ऐकू आला. एक, मग दुसरा. आई दाराला टेकून रडत होती, आणि मीही.

"मावशी, हे तुम्ही कुठं शिकलात?"

"मलाबी कुनीतरी दावलं हुतं," एवढंच म्हणाली.

ती उठली तेव्हा आईला राहवेना. सोयर फिटलं की पीठ-मीठ नेऊन देते, म्हणाली. आराधीण हसली. "माजी पाच घरं कवाच झाली. परत निगाले हुते. तुमचं सहावं. हितं मागाया न्हाय आले मी."

जोगवा पाचच घरी मागायचा, पाच झाली की मागं फिरायचं, हे आमच्याकडं लहान मुलालाही माहीत असतं. मी मात्र 'तुमचं सहावं' या तिच्या वाक्याशी अजून थांबते.

गुरुवारी वजन थोडंसं भरलं. सिस्टरबाईंना मी या वेळी न लाजता सगळं पुन्हा दाखवायला लावलं. त्यांनी सांगितलं तेही तेच होतं. चिरा भरून यायला आठवडा लागला.

सव्वा महिन्यानं ओटी भरायला डोंगरावर गेले. पायऱ्यांवर पोर भुकेली झाली, तशी तिथंच कडेला बसले आणि पदर न ओढता पाजायला घेतलं. आपणहोऊन माझे हात तिला जवळ ओढत होते, आणि तिला स्वतः काही करावं लागत नव्हतं. रडायचं आणि तोंड उघडायचं, एवढंच तिचं काम. त्या मंगळवारी मीही याहून वेगळं काय केलं होतं? देवीकडं जाता येत नाही म्हणून मी रडत होते, आणि तिनंच मला जवळ घेतलं.