पाठमोरं दुकान

मारुंजीत हल्ली काय मिळत नाही? भाड्याची खोली मिळते, खोलीत राहायला तिसरा जोडीदार मिळतो, जोडीदार नको झाला तर सामान हलवायला दहा मिनिटांत टेम्पो मिळतो. शमशादभाभींच्या दुकानात मात्र मागितलेली वस्तू मिळेलच, याची हमी गेल्या बावीस वर्षांत कुणाला देता आलेली नाही. वस्तू नसते असं नव्हे. ती फळीवर असते, दिसते, तिच्यावर धूळसुद्धा नसते. पण वस्तू आणि गिऱ्हाईक यांच्या मध्ये लाकडी काउंटर होता, आणि काउंटरमागे शमशाद होती.

कुणी रंगीत सरबताची बाटली मागितली की ती विचारी, "गावातली लिंबं सपली का?" कुणी तूरडाळ मागितली तर भाव सांगून वर म्हणे, "आठवडाभर मसूर खावा. तूर उतरंल तवा या." महागडा शाम्पू मागणाऱ्या पोराच्या डोक्याकडे ती अशी बघे, की आपले केस मोजले जातायत असं त्याला वाटे. साबणाच्या बाबतीत तिचं मत पक्कं होतं: सगळे साबण मळच काढतात, वरचे पैसे वासाचे. दहा रुपयांचा बिस्किटपुडा दर वर्षी किती हलका होतो, हे ती काट्यावर टाकून गिऱ्हाइकाला दाखवी, आणि मग तो पुडा त्याला विकत घ्यायला लाज वाटे.

दुकानदारी शिकवणाऱ्या एकाही माणसाला ही रीत पटली नसती. तरी दुकान चाललं. डाळीत खडा नसे, शेंगदाणा खवट नसे, अंडं नासकं निघालं तर दुसरं मिळे आणि वर बोलणी बसत नसत. माल आणायचं काम नवऱ्याचं, अमजदभाईंचं. ते टेम्पो घेऊन मार्केटयार्डात जात, माल आणून उतरवत, आणि तो विकायचा की नाही या प्रश्नात पडत नसत. संसार टिकण्याची जी काही कारणं असतील, त्यांत हे वरचं होतं.

मग घरोबा मार्ट आलं.

म्हणजे घरोबा मार्टचा रवी आला. जवळच्याच कासारसाई गावचा मुलगा, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. कंपनी गावोगावची किराणा दुकानं आपल्या साखळीत ओवत होती. रॅक कंपनीचे, दिवे कंपनीचे, बोर्ड कंपनीचा. दुकान तेवढं आपलं. अट एवढीच, की काउंटर काढायचा. गिऱ्हाइकानं टोपली घेऊन आत यायचं, हवं ते आपल्या हातानं उचलायचं आणि दारापाशी बिल करायचं. तीन महिने चाचणी, आणि जमलं तर पाच वर्षांचा करार.

शमशादचा मुलगा नौशाद बी.कॉम. झालेला. त्याला हे सगळं पहिल्या वाक्यातच पटलं. समोरच्या सोसायटीखाली काचेचं दुकान होऊ घातलं होतं, ते झाल्यावर आपल्याकडे कोण येणार, असं त्याचं म्हणणं. त्यात तथ्य होतं. तो आईला म्हणाला, आता तू आराम कर. कंपनी तुला दारापाशी गादीची खुर्ची देतीय.

शमशादला गादीच्या खुर्चीचा अर्थ लगेच कळला. ज्याला आता काही विचारायचं नाही, त्याला बसायला मऊ देतात. काउंटर गेला की 'न्हाई' म्हणायची जागा गेली, आणि पाच वर्षांनी ती परत मिळायची नव्हती. पण पोराला एकदाही वाव दिला नाही, हे आयुष्यभर ऐकून घ्यायची तिची तयारी नव्हती. चाचणीला ती हो म्हणाली. एकच मागितलं: माल रॅकवर मांडायचा तो मी मांडणार. नौशादला वाटलं, म्हातारीचा हट्ट, सुटला स्वस्तात. त्यानं रवीकडून ते करारात लिहूनसुद्धा घेतलं.

पहिला पंधरवडा जत्रेसारखा गेला. लोक टोपल्या भरत होते आणि शमशाद खुर्चीत बसून बघत होती. बावीस वर्षं जे जे तिनं अडवलं होतं, ते सगळं एकेक करून तिच्यासमोरून, तिला सलाम करून, बाहेर पडलं. सगळ्यांत लागलं ते केशरबाईचं. केशरबाई हिंजवडीच्या एका कंपनीत हाउसकीपिंगला. रोज कामावरून परतताना मसूर, अंडी, गूळ नेणारी. त्या दिवशी तिच्या टोपलीत 'झेप'चा डबा होता. झेप म्हणजे दुधात घालून प्यायची पावडर. डब्यावर एक पोरगा उडी मारून दाराच्या चौकटीला हात लावतोय. डब्याच्या किमतीत केशरबाईची पंधरा दिवसांची अंडी आली असती.

"नातवाला," केशरबाई म्हणाली. मग शमशादचं तोंड बघून म्हणाली, "बोलू नका भाभी. बावीस वर्सं तुमाला इचारून खाल्लं. आता इचारायचं काम न्हाई, लई ब्येस वाटतंय."

शमशादनं जे म्हणायचं ते घरी गेल्यावर सून शबनूरजवळ म्हटलं, आणि पुष्कळ म्हटलं. शबनूर डी. फार्म. झालेली, सूस गावातल्या एका मेडिकलमध्ये कामाला. तिनं सासूचं सगळं ऐकून घेतलं आणि मग सासूला न आवडणारं एक सांगितलं. सॅनिटरी पॅड पूर्वी काउंटरवर मागावे लागत; चार बाप्ये उभे असले की पोरी परत जात. आता त्या येतात, उचलतात, जातात. दोन पाकिटांचे भाव ताडून बघतात आणि स्वस्तातलं नेतात. काउंटर गेला ते सगळंच वाईट झालेलं नाही.

शमशादला हे ठाऊक होतं. परत जाणाऱ्या पोरी तिनं पाहिल्या होत्या. त्या आपल्यामुळेही परत जातात, हे मात्र तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

"अम्मी, तुमी नुसतं न्हाई म्हनता," शबनूर म्हणाली. "का न्हाई, ते पाकिटावरच लिवल्यालं असतंय. मागच्या बाजूला."

मग तिनं सासूला एक साधी गोष्ट शिकवली. पाकिटामागे घटकांची यादी असते, आणि जे सगळ्यांत जास्त घातलेलं असतं त्याचं नाव पहिलं लिहावं लागतं. 'झेप'च्या डब्यावरचं पहिलं नाव होतं साखर. उडी मारणाऱ्या पोराचा यादीत कुठंच पत्ता नव्हता. बदामाच्या बिस्किटांत पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं पामतेल. बदाम शेवटाकडे, मिठाच्याही मागं उभा. शमशाद दहावीपर्यंत शिकलेली. रात्रभर विचार करायची तिला गरज पडली नाही.

शुक्रवारी दुपारी दुकान दोन तास बंद असतं. त्या दोन तासांत सासू-सुनेनं दुकानातलं प्रत्येक पाकीट, डबा, बाटली आणि ट्यूब उलटी फिरवली. तोंड भिंतीकडे, पाठ गिऱ्हाइकाकडे. पॅडची पाकिटं तेवढी सरळ ठेवली. मागच्या बाजूचं सगळं इंग्रजीत आणि मुंगीच्या पावलांएवढं, म्हणून शबनूरनं प्रत्येक मालाखाली मराठीत चिठ्ठी लावली: 'पहिलं नाव: साखर.' 'पहिलं नाव: मैदा.' आपल्या पदरचं एक अक्षर घातलं नाही. शेंगदाणे, मसूर, नाचणी आणि गूळ बरण्यांत होते. त्यांना पाठ नसते.

दुकान उघडल्यावर लोक आधी बाहेर जाऊन बोर्ड बघून आले, की आपण बरोबर ठिकाणी आलोय ना. आयटीतल्या पोरांनी फोटो काढले. ते सोसायटीच्या ग्रुपवर गेले आणि तिथं हा काहीतरी कलाप्रकार असावा, असं एकाचं मत पडलं. विक्रीचं म्हणाल तर खरं ते सांगितलं पाहिजे: झेप बसला, बिस्किटं अर्ध्यावर आली, आणि वेफर्सना काही म्हणजे काही झालं नाही. वेफर्स खाणाऱ्याला वेफर्सबद्दल कधीच गैरसमज नव्हता.

चौथ्या दिवशी केशरबाईची धाकटी लेक दीपमाला 'रूपरजनी' या गोरेपणाच्या क्रीमची ट्यूब घेऊन बिलाला आली. ती कॉल सेंटरला, रोज भर उन्हात स्कूटरवर जाणारी. ट्यूबच्या पुढं लिहिलं होतं, उन्हानं काळवंडलेल्या त्वचेसाठी. मागं लिहिलं होतं, लावल्यावर उन्हात जाऊ नये. शबनूरनं चिठ्ठीवर दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहून ठेवली होती. दीपमालानं ती वाचली होती आणि तरी ट्यूब आणली होती. स्थळ येणार होतं रविवारी.

शमशादनं डोक्यावरचा पदर मागं घेतला. डाव्या गालावर कानापासून जबड्यापर्यंत काळपट डाग होता. गावाला तो जन्माचा वाटे. तिनं तसं वाटू दिलं होतं.

"ह्यो जन्माचा न्हाई," ती म्हणाली. "वीस वर्साची व्हते. लग्नाच्या आदी महिनाभर लावली व्हती असलीच. डबीवर काय बी लिवल्यालं नव्हतं. तुज्या हातातल्या ट्यूबवर लिवलंय तरी. न्यायची तर ने, माजं न्हाई म्हननं न्हाई."

दीपमाला ट्यूब जागेवर ठेवून आली. पाठ पुढं करून ठेवली.

महिनाअखेरीला रवी तपासणीला आला. त्याचं काम सोपं होतं: टॅबनं प्रत्येक रॅकचा फोटो काढायचा, मग कंपनीचं यंत्र वेष्टणांवरची चित्रं ओळखून सांगतं की माल किती आहे. रवीनं फोटो काढला. यंत्र म्हणालं, माल आढळला नाही. त्यानं दुसऱ्या रॅकचा काढला. माल आढळला नाही. छतापर्यंत भरलेल्या दुकानात उभं राहून त्यानं साहेबांना फोन लावला आणि आवाज मोठा केला, म्हणजे साहेबांचं बोलणं नौशादनंही ऐकावं.

साहेब म्हणाले, पाच मिनिटांत सगळं सरळ करा, नाहीतर रॅक उचलतो.

"चाची, मालाचं तोंड फुडं पायजे वो," रवी काकुळतीला आला. "माजी नोकरी हाय."

"तुजी नोकरी कागदावर चालतीया ना? कागदात दाव, कुटं लिवलंय."

नौशादनं चौदा पानांचा करार काढला. रॅकची उंची सेंटिमीटरात होती. दारापाशी कुठला माल, गाणी कुठली, दिव्यांचा रंग कुठला, सगळं होतं. मालाचं तोंड कुठं असावं, हे लिहायचं कुणाला सुचलं नव्हतं. मांडणी शमशाद करणार, एवढं मात्र नवव्या पानावर नौशादच्याच सहीनं होतं.

साहेब म्हणाले, कागद राहू द्या, मी सांगतोय. नौशादनं आईकडे बघितलं नाही. पुढं होऊन त्यानं 'झेप'चा एक डबा सरळ केला. शमशादनं खुर्चीतून उठून तो पुन्हा फिरवला. त्यानं परत सरळ केला. दुकानात तेव्हा सात-आठ गिऱ्हाइकं होती आणि सगळ्यांना आपापल्या टोपलीत बघण्यासारखं काहीतरी सापडलं होतं. शमशादनं तिसऱ्यांदा हात उचलला, पण त्या आधी दुसराच हात डब्यावर पडला. केशरबाईचा.

"थांब रं," ती नौशादला म्हणाली. "मी वाचतीया."

तिनं डबा फिरवला आणि खरोखरच वाचू लागली, अक्षरावर बोट ठेवून, चिठ्ठी आधी. शमशादला वाटलं, ही आपली बाजू घेतीय. ती तसं काही बोलायला गेली, तर केशरबाईनं तिलाही थांबवलं.

"तुमच्यासाटी न्हाई, भाभी. इचारनार न्हाई म्हनले हुते, ते आजून बी तसंच हाय. पर मला वाचू बी द्यायचं न्हाई, ह्यो कोन सांगनार?" शेवटचं वाक्य तिनं रवीच्या हातातल्या फोनकडे बघून म्हटलं.

नौशादनं सरळ करायला घेतलेला दुसरा डबा हातातच धरला होता. तो त्यानं उलटा करून ठेवला. त्याला काय पटलं हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. बिलाच्या टेबलाशी जाऊन बसला आणि म्हणाला, साहेब, रॅक न्या.

आठ दिवसांनी कंपनीचा टेम्पो आला. रॅक गेले, दिवे गेले, बोर्ड गेला, खुर्चीसुद्धा गेली. ती यादीत होती. माल जमिनीवर पोत्यांवर मांडला, पाठ वर करून, आणि लोक वाकून घेऊ लागले.

काउंटर शमशादला परत मिळाला नाही. तिनं तो मागितला होता. नौशाद नको म्हणाला, शबनूर नको म्हणाली, आणि केशरबाईचं तर विचारायलाच नको. अमजदभाईंनी आयुष्यात पहिल्यांदा दुकानाच्या धोरणावर मत दिलं. तेही नकोच निघालं. म्हणून एकनाथ सुताराला बोलावून साध्या प्लायच्या उघड्या फळ्या करायला सांगितल्या. एकनाथनं चार फळ्या ठोकल्या, मग फळीच्या पुढच्या कडेला बोटभर उंचीची पट्टी मारायला घेतली. माल घसरू नये म्हणून सगळीकडे मारतात, म्हणाला.

शमशादनं एक पाकीट पाठमोरं ठेवून त्याच्यापुढं पट्टी धरून बघितली. यादीच्या खालच्या तीन ओळी झाकल्या जात होत्या.

"पट्टी न्हाई मारायची."

"माल खाली पडंल की, भाभी."

"पडू दे. उचलताना वाचतील."