फण्यांची साइट का पडली

वेबसाइटवरची गर्दी अचानक ओसरली की लोक नाडीताईला बोलावत. कुणाचीही साइट तपासताना ती स्क्रीनवर दोन बोटं टेकवायची, म्हणून नाडीताई. त्याआधी पंधरा वर्षं ती हरवलेल्या पार्सलांच्या खिडकीवर बसली होती. तिथे तिला एक गोष्ट पक्की कळली होती, पार्सल सापडायला महिना लागतो, दोषी माणूस मात्र लोकांना पहिल्या मिनिटालाच सापडतो.

फणीवाल्या मावशींकडे तो आधीच सापडलेला होता. मावशी उवा काढायच्या बारीक दातांच्या फण्या बनवायच्या. पाच महिन्यांपूर्वी त्यांनी साइट काढली आणि सर्चमधून रोज हजारभर माणसं येऊ लागली. मग नव्या सुनेनं हौसेनं साइटचं रूप पालटलं, आणि त्याच आठवड्यात हजाराचे सत्तर झाले.

"हिनं हात लावला आणि सगळ्याची माती झाली!" मावशी दारातच कडाडल्या.

सून मान खाली घालून फण्या खोक्यात भरत होती. पुन्हा कॉम्प्युटरला शिवणार नाही, असं तिनं कालच सांगून टाकलं होतं. नाडीताईला तिचं ते तोंड बघवेना. दोष खरंच हिचा निघाला तर या घरात तिला जन्मभर ऐकून घ्यावं लागणार, हे उघड होतं.

नाडीताईनं बोटं टेकवली. पानं उघडत होती. जुने पत्ते नव्या पानांवर नीट पोचत होते. सर्च इंजिनला पानं वाचायला कुठे मज्जाव नव्हता. "काहीच मोडलेलं नाही," ती म्हणाली.

"मग माणसं काय हवेत विरली?"

नाडीताईनं शोधशब्दांची यादी काढली आणि चक्रावली. 'उवा कशा काढाव्यात' या प्रश्नाला मावशींची साइट अजूनही पहिल्याच नंबरावर होती. विचारणारेच उरले नव्हते.

"म्हणजे सगळ्यांच्या उवा एकदम गेल्या?" सून पहिल्यांदाच बोलली.

नाडीताईनं खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या शाळेला कुलूप होतं. "मावशी, शाळा कधीपासून बंद आहे?"

"सुट्टी लागून दोन आठवडे झाले की."

"आणि साइट पडून?"

मावशींनी बोटांवर मोजलं. "दोनच."

"बाकावर डोक्याला डोकं लागत नाही, तर उवा जाणार कुठे? त्यांनाही सुट्टी!"

सून फिस्सकन हसली. मावशी मात्र हटल्या नाहीत. "शाळा उघडू दे, मग बघू."

शाळा उघडली. पाचव्या दिवशी नाडीताई काहीतरी निमित्त काढून आलीच. सत्तरचे नव्वद, नव्वदचे तीनशे, आणि त्या सकाळी बाराशे! मावशी टाळ्या पिटत थेट रस्त्यावर गेल्या. "उवा झाल्या! अहो, पोरांना उवा झाल्या!" एका बाईनं आपल्या पोराला पदराआड ओढलं. नाडीताई पोट धरून हसत भिंतीला टेकली.

तेवढ्यात मावशींचा फोन वाजला. कुणी गिऱ्हाईक बाई होती. साइट किती सुटसुटीत आहे, कुणी केली, असं विचारत होती.

मावशींनी सुनेकडे पाहिलं. घसा खाकरला.

"आमच्या सुनेनं," त्या फोनवरच्या अनोळखी बाईला खणखणीत आवाजात म्हणाल्या. "आणि बरं का, मी तिला उगाच बोल लावला. चुकलंच माझं."