तिळगुळातला खजूर

तुपात खजूर परतल्याचा वास आला की मला आखातात असतानाचं, हवल्लीतलं आमचं तिसऱ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर आठवतं. नव्वदच्या दशकातली ती संक्रांत. बायको जाब्रियाच्या हॉस्पिटलात ड्यूटीवर होती, पाच वाजता हळदीकुंकवाला चौदा जणी येणार होत्या आणि तिळगूळ मी अंगावर घेतला होता. अर्धा किलो तीळ, चारशे ग्रॅम गूळ, सगळं काट्यावर मोजलेलं. पण तिथल्या मऊ गुळाचा पाक होईना आणि लाडू वळला की ढासळे. सहा वर्षांची मुलगी बघत होती. चॉकलेट सोडून कुठलंच गोड तिला चालत नसे. शेजारच्या रत्नागिरीच्या भाभी दारातून म्हणाल्या, "भाऊ, वजन काट्याला कळतं, लाडवाला नाय. खजूर घाला." "किती?" "मूठ उघडली तरी लाडू फुटणार नाय, इतका." लाडू वळले. मुलीने एक खाल्ला आणि हात पुढे केला, "बाबा, वन मोअर." काल तिचाच फोन आला. स्वतःच्या लेकीसाठी तिळगूळ करत होती. "बाबा, खजूर किती ग्रॅम?" मी म्हणालो, "काटा ठेवून दे. मूठ उघडून बघ."