एक शीत

जेवण झालं की चाचा ताटात अर्धा पेला पाणी ओतत, चार बोटांनी ते ताटभर फिरवत आणि ताट दोन्ही हातांनी उचलून ते पाणी पिऊन टाकत. मग रिकामं ताट आमच्याकडं वळवून विचारत, "बघा, तोंड दिसतंय का?"

दिसायचं. स्टीलच्या ताटात आमची तोंडं दिसायची, आणि बहुतेकांची वाकडी झालेली असायची.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, की ज्याच्या पंगतीला बसलं की आपण ताटात काही टाकत नाही. तो काही बोलत नाही, तरी आपल्याला धाक वाटतो. आमचे चाचा तसेच होते. फरक एवढाच, की ते बोलायचेही.

आम्ही नगरमधले सात-आठ जण वर्षातून तीन-चारदा अकोले तालुक्यातल्या डोंगरात जाऊन, तंबू ठोकून एक मुक्काम करतो. त्यात मी, म्हणजे कॉलेजातून निवृत्त झालेला ग्रंथपाल. एक बँकेतले साहेब. एक गुरुजी, ज्यांनी तीस वर्षं मराठी शिकवलं. आणि असेच आणखी काही. पहिल्या खेपेला स्वयंपाकाला आणि भांड्यांना माणूस हवा म्हणून आम्ही एका आचाऱ्याकडून चाचांना मागून आणलं. दुसऱ्या खेपेला ते आपणहून आले. तिसऱ्या खेपेपासून आम्ही त्यांच्याबरोबर जाऊ लागलो.

पूर्वी ते कल्हई करायचे. भाता, निखारे, नवसागर आणि कथील घेऊन गावोगाव फिरायचे. घरोघरी स्टील आलं आणि भाता थंडावला. मग लग्नांमधली मोठी पातेली घासायचं काम धरलं. त्यामुळं सगळा जिल्हा त्यांना भांड्यांच्या बुडांवरून ठाऊक होता. कुणी श्रीगोंद्याचं नाव काढलं, की म्हणायचे, "तिथली मानसं चांगली, पन भात बुडाला लावत्यात." नेवाशाच्या एका थाटाच्या लग्नाबद्दल त्यांना एवढंच आठवत होतं, की बासुंदी खाली लागली आणि ती काढायला दोन दिवस गेले. "नवरी कशी होती?" असं साहेबांनी विचारलं, तर म्हणाले, "कुनाला ठाऊक! मी पातेल्यात हुतो."

डोंगरावर भांडी घासायची त्यांची एक रीत होती आणि ती मोडलेली त्यांना खपत नसे. आधी ताट भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं निपटायचं. मग ते पाणी फिरवून प्यायचं. पातेल्याच्या तळाची खरवड खरवडून खायची, आणि ती कुणी खायची यावरून भांडणं लावायची, म्हणजे पातेलं आपोआप स्वच्छ होतं. राहिलेला ओशटपणा चुलीतल्या राखेनं आणि नारळाच्या शेंडीनं काढायचा. साबण नाही. विसळलेलं पाणी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचं, फडक्यात उरेल ते पुरचुंडी बांधून परत नगरला न्यायचं, आणि गाळलेलं पाणी झऱ्यापासून, टाक्यापासून दोनशे पावलं लांब नेऊन हातानं शिंपडायचं. एका जागी ओतायचं नाही. "एका जागी वतलं तर तिथं माशा आन् चिखल. शिंपडलं तर माती पिऊन टाकती. तिलाबी तहान हाय की."

ताट धुऊन पिण्याला पहिला विरोध गुरुजींचा.

"चाचा, खरकटं पाणी पिऊ मी?"

"खरकटं कुनाचं हाय? तुमचंच ना? आत्ता पोटात गेलं त्ये काय निराळं हुतं?"

"आमचे वडील प्यायचे, नाही असं नाही. पण ते घरी."

"मग ही काय सासुरवाडी हाय लाजायला?"

गुरुजी डोळे मिटून प्यायले. पुढं ते यातले सगळ्यांत कडवे झाले आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या जेवणातही पिऊ लागले, असं त्यांच्या सूनबाईंनी मला तक्रारीच्या सुरात सांगितलं.

साहेबांनी एकदा भांड्यांच्या साबणाची एक महागाची बाटली आणली. तिच्यावर हिरव्या पानाचं चित्र होतं. "हा निसर्गाला चालतो, चाचा," ते म्हणाले. चाचांनी बाटली लांब धरून पाहिली.

"ह्ये पानाचं चित्र हाय म्हनून?"

"म्हणजे, त्यात तसं लिहिलंय."

"माझ्या साल्याच्या टेम्पोवर उडत्या इमानाचं चित्र हाय," चाचा म्हणाले. बाटली जशी आली तशी परत गेली.

दोनशे पावलं ते स्वतः मोजायचे, बादली हातात घेऊन, मोठ्यानं. मध्ये कुणी बोललं तर मोजणी चुकायची आणि ते परत पहिल्यापासून सुरू करायचे. म्हणून ते बादली घेऊन निघाले, की आम्ही सगळे प्रार्थनेला उभं राहावं तसे गप्प व्हायचो. एकदा ते "एकशे चाळीस"वर असताना साहेबांच्या तोंडून गेलं, "चाचा, किती वाजले?" चाचांनी घड्याळ पाहिलं, "साडेसात" म्हणाले आणि पुढं निघाले, "आठ, नऊ, दहा..."

आता एका टाक्याची गोष्ट सांगतो.

राजूरच्या पुढं एका डोंगराच्या खांद्यावर सपाटी आहे. तिथं कातळात खोदलेलं एक जुनं टाकं आहे आणि खाली पंधरा-वीस घरांची वाडी. फेब्रुवारी सरला की वाडीला प्यायला तेवढंच पाणी. आम्ही तंबू ठोकत होतो तेवढ्यात वाडीतल्या एक बाई घागर घेऊन वर आल्या. वय चाचांएवढंच असेल. त्यांनी घागर खाली ठेवली आणि सरळ म्हणाल्या, "हितं राह्याचं न्हाई."

साहेब इंग्रजी-मराठीत काहीतरी समजावू लागले. बाईंनी ऐकून घेतलं. "मागं आल्ते तुमच्यासारखे. टाक्यात पातेली बुचकाळली. पान्यावर तेलाचा तवंग आन् साबनाचा फेस. आमच्या पोरी चार दिस खालच्या वढ्यातून पानी वाहत हुत्या. तुमी जाता घरी. पितो आमी."

चाचा पुढं झाले.

"अक्का, तुमचं बरोबर हाय. एक रात राहू द्या. सकाळी तुमी या, टाकं बघा. एक शीत जरी सापडलं, तर ह्यो मानूस परत ह्या डोंगरावर पाय ठेवनार न्हाई. जबान दिली."

बाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बरं, चाचा. सकाळी येते," म्हणाल्या आणि घागर भरून उतरल्या.

त्या संध्याकाळी खिचडी होती. चाचांनी प्रत्येकाच्या ताटापाशी उभं राहून जेवण पाहिलं. पाणी गाळलं, दोनशे पावलं झाली, सगळं यथासांग झालं. ती जागा त्यांना फार आवडली होती. तंबूत पडल्यापडल्या मला म्हणाले, "लायब्ररीवाले, हितं दर वर्षी यायचं. असं पानी मी कल्हईच्या दिवसांतबी पाह्यलं न्हाई. तळाचा खडा दिसतोय."

सकाळी मी उठलो तेव्हा ते टाक्याच्या काठाशी उकिडवे बसले होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "शितं हायेत."

होती. तळाचा खडा दिसत होता आणि त्याच्या शेजारी पिवळी शितंही दिसत होती. काही तरंगत होती, काही खाली बसली होती. दोन-तीन बोटभर मासे त्यांच्याभोवती फिरत होते आणि एकाही शिताला तोंड लावत नव्हते.

गुरुजींच्या चेहऱ्यावरून आम्हाला कळलं. रात्री त्यांना खिचडी जास्त झाली होती. चाचांसमोर टाकायची कशी, म्हणून त्यांनी ती वाटीत झाकून ठेवली आणि पहाटे सगळे झोपेत असताना टाक्यात सोडली. "माशांना घातली हो," ते कसनुसं म्हणाले. "मुका जीव. तेवढंच पुण्य."

"मासे खिचडी खातात का, गुरुजी?" साहेब ओरडले.

"पंढरीत लाह्या खातात की," गुरुजी म्हणाले.

चाचा उठले, चहाची गाळणी घेतली आणि माझी चालायची काठी घेतली. बांधायला काही सापडेना, तेव्हा त्यांची नजर माझ्या पायजम्यावर गेली. "नाडी काढा," म्हणाले. त्या आवाजापुढं कुणीही नाडी काढली असती.

मग आम्ही आठ जण टाक्याभोवती पोटावर पालथे पडलो. चाचांच्या हातात काठीची गाळणी, बाकीचे बोट दाखवणारे. "डावीकडं, डावीकडं!" "तो खडा आहे हो!" "गाळणी हळू, गढूळ होईल!" गुरुजी प्रत्येक शीत बाहेर आलं की ते तळहातावर घेत आणि खाऊन टाकत होते. कुणी सांगितलं नव्हतं. तीन-चार शितं कातळाच्या कपारीत अडकली होती, ती काही केल्या निघेनात.

तेवढ्यात मागून आवाज आला, "काय हरवलं?"

सगळे ताडकन उठून उभे राहिले. मी सोडून. मला पायजमा धरून बसावं लागलं.

साहेबांनी तोंड उघडलं. मला खात्री आहे, ते "अंगठी" म्हणणार होते. चाचा त्यांच्या आधी बोलले. "अक्का, शितं पडली. आमच्याकडून. बाकीची काढली, ह्या कपारीतली निघत न्हाईत."

बाईंनी वाकून पाहिलं. मग गाळणीकडं पाहिलं, काठीकडं पाहिलं, आणि माझ्याकडं पाहून पदर तोंडाला लावला. खूप वेळ त्यांचे खांदे हलत होते. "राहू द्या आता," त्या म्हणाल्या. "साबन न्हाई, तेल न्हाई. चार शितांनी काय हुतंय? पुढच्या साली या."

"ही सगळी येतील," चाचा म्हणाले. "मी न्हाई. मी बोललोय."

आम्हाला वाटलं, बोलायला बोलले. पण पुढच्या वर्षी जीप राजूरच्या स्टँडवर चहाला थांबली आणि चाचा आपली पिशवी घेऊन उतरले ते परत बसले नाहीत. आम्ही वर जायचं, ते चहाच्या टपरीच्या बाकावर थांबायचे आणि राजूरला ओळखीच्या घरी मुक्काम करायचे. दुसऱ्या दिवशी आम्ही उतरलो, की जीपमधली भांडी एकेक काढून बघायचे. त्याच्या पुढच्या वर्षी गुरुजीही राजूरला उतरले. "मी वर जाऊन काय करू?" म्हणाले. त्या बाकावर दोघं दिवसभर भांडत बसायचे, असं टपरीवाला सांगायचा. कशावरून? तर मासे काय खातात यावरून.

बाईंच्या कानावर हे गेलं. त्या एकदा बाजाराला म्हणून राजूरला उतरल्या आणि थेट बाकापाशी गेल्या. आम्ही तेव्हा नुकतेच पोचलो होतो, म्हणून हे मी पाहिलं.

"चाचा, अजून रुसलाय व्हय?"

"रुसलो न्हाई, अक्का. बोललोय."

"म्या कवाच सोडलं त्ये."

"तुमी सोडलं. बोलनारा मी हाय ना."

बाईंनी पिशवीतून टाक्याच्या पाण्याची बाटली काढून त्यांच्यापुढं ठेवली. चाचांनी ती उचलली, उजेडाकडं धरून आरपार पाहिली आणि एका दमात निम्मी प्यायले. उरलेली गुरुजींपुढं केली. गुरुजींनी मान हलवली. "प्या हो," चाचा म्हणाले, "ह्यात शितं न्हाईत."

चाचा या पावसाळ्यात गेले. ताप आला, आठ दिवसांत सगळं आटोपलं. आम्ही घरी भेटायला गेलो. निघताना चाची म्हणाल्या, "ते टाकं कसं हाय हो? रोज सांगायचे. मला कधी दाखवलं न्हाई." मला वर्णन करून सांगता येईना. आयुष्यभर पुस्तकं हाताळली, पण त्या वेळी मी "चांगलं आहे" एवढंच म्हणालो.

परवा आम्ही वर गेलो. गुरुजी राजूरला उतरले नाहीत. ते जीपमध्ये माझ्या शेजारी बसून राहिले आणि डोंगर चढताना तीनदा थांबले. बाई टाक्यावरच होत्या. आम्ही चाचांचं सांगितलं. त्यांनी भरलेली घागर चुंबळीवर घ्यायला उचलली होती, ती परत खाली ठेवली.

गुरुजी पुढं झाले. "बाई, त्या वेळची खिचडी मी टाकली होती. चाचांनी नव्हे."

"म्हाईत हाय," बाई म्हणाल्या.

"त्यांनी सांगितलं?"

"त्यो कशाला सांगंल? ताट धुऊन पिनारा मानूस. खाली राजूरला त्याच्या ताटाची गोष्ट सारी सांगत्यात. त्याच्या हातनं शीत सांडंल का?"

गुरुजी टाक्याच्या काठावर बसले. "मग तुम्ही त्यांना तसं म्हणाला का नाहीत?"

"म्हनले की. मागल्या साली परत बाजारात एकटा गाठून म्हनले, तुमी टाकलं न्हाई त्ये मला ठावं हाय, या आता. तर म्हनतो कसा, अक्का, मी 'माझं शीत' असं कुठं म्हनलो हुतो? मी 'एक शीत' म्हनलो हुतो." त्यांनी डोळे पुसले आणि त्यातच हसल्या. "लई आडमुठा. एकदा तरी यायचं."

त्यांनी घागर उचलली. उताराला लागल्या आणि चार पावलांवर थांबून मागं वळल्या.

"त्याची घरधनीन हाय का?"

"आहेत," मी म्हणालो.

"पुढल्या खेपंला तिला घिऊन या. आन् येताना सांगा तिला, हितं कुनाला कसला शब्द द्यायचा न्हाई."