फुसका बार आणि गजावरची खूण

मंडळी, आज सकाळी जळकोटच्या शेतात चुलते परवान्याच्या ठासणीच्या बंदुकीनं नेमाचा सराव करत होते. त्यासाठी घरीच हलका बार भरला होता. चाप ओढला, तर नुसतं फुस्स.

"दारू दमट झालीय, गोळी पुढंच कुठंतरी पडली असेल. दुसरा भरतो, आता तू मार," ते मला म्हणाले.

शेंगा तोडणारी चुलती बसल्या जागेवरून म्हणाली, "अवो, आधी गज घालून बघा."

नळी रिकामी असली की दारू ठासायचा गज खुणेपर्यंत आत जातो. आज खूण वीतभर बाहेर राहिली. गोळी आतच अडकली होती. दुसऱ्या बाराला नळी माझ्या तोंडापाशी फुटली असती.

चुलत्यांनी बंदूक खाली ठेवली.

चुलतीनं कधी बंदूक हातात धरलेली न्हाय. लग्न झाल्यापासून प्रत्येक बाराचा आवाज तेवढा ऐकलाय. तुमच्या घरात असं ऐकणारं कोण हाय?